परग्रहवासी क्रमांक दोन

शहाद्याच्या शाळेत प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्याकडे,
म्हणून विज्ञान-एकांकिकाही माझ्याकडेच आली.
तीन रात्रींत लिहिली,
जर्नलच्या उरलेल्या पानांवर.

पहिल्याच पानावर कंसात टाकलं :
परग्रहवासी काळे. अंगभर पांढरे ठिपके.
डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला पोकळ भोपळे,
हातात तीरकामठा.
बोलतात, पण अर्थ लागू नये.

चार हजार प्रकाशवर्षं ओलांडून आलेले,
आणि हातात तीरकामठा.
मला खटकलं नाही.
मुख्याध्यापकांनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं.

पृथ्वीवरचा शास्त्रज्ञ मात्र गोरा, उंच,
'न' आणि 'ण' वेगळा म्हणणारा.
डॉक्टरांचा निनाद.
माझ्या तोंडातून आजही घाईत पाण्याचं पानी होतं.

पुण्याला वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनात
मला न विचारताच नोकराचं काम मिळालं होतं.
"तू नुसता बोल रे, लोक हसतील."
मी नुसता बोललो. लोक हसले.
त्या रात्री 'माले', 'तुले' गादीखाली सारले
आणि सकाळी प्रमाण मराठीत उठलो.

ठिपके कुठून आणले म्हणाल, तर
काठीच्या होळीतून.
पहाटेपर्यंत नाचणारे बुध्या,
नवसाचे, कित्येक दिवस खाटेला न टेकलेले.
मी शेंगदाणे खात उभा होतो
आणि मला ते दुसऱ्या ग्रहावरचे वाटले.
एस.टी.चं तिकीट अजून आहे पाकिटात.

घरी वाचून दाखवलं.
आई गव्हातले खडे काढत होती. एवढंच विचारलं :
"इतला लांबतीन उना तो,
पानी तरी इचारं का त्याले?"
मी हसून पुढचं पान उलटलं.

सायसिंग पावरा, नववी ब, तोरणमाळकडचा.
त्याची निवडचाचणी झालीच नाही.
झिपरूआप्पा रंगाचा डबा उघडून म्हणाला,
"याले मी काय रंग लावू, देवनी लाईच धाडेल शे."
सगळे हसले.
मी जरा जास्तच.

"तुमच्या भाषेत बोल काहीतरी," मी म्हणालो.
तो बोलला.
मी अक्षरं उलटीसुलटी करून संवादात बसवली.
ते शब्द इथे लिहीत नाही.
एकदा लिहिले तेवढे पुरे.

धुळ्याला, स्पर्धेत, निनादनं माझं वाक्य म्हटलं :
"यांची भाषा ही भाषा वाटतच नाही!"
इथे घोळक्यानं हू-हू करायचं होतं.
सायसिंग पुढे आला, अगदी दिव्याखाली,
आणि बोलू लागला. सलग. मध्येच थांबत,
शेकोटीशी गोष्ट सांगतात तसं.
माझं बोट संहितेत ओळ शोधत राहिलं.

पुढच्या रांगा गप्प.
परीक्षक चष्मा पुसत.
आणि पार मागून, दारापाशी,
वसतिगृहाची चार पोरं, सिव्हिलमधल्या दोन नर्सबाया,
खुर्च्या उचलायला आलेला एक हमाल
खदखदून हसले.
मग एकदम थांबले.
एका बाईनं पदरानं नाक पुसलं.

साडेतीन मिनिटं.
घड्याळ माझ्याच हातात होतं.

प्रमाणपत्रावर आलं : उत्तेजनार्थ.
परग्रहवासी अस्सल वाटले, असं एक परीक्षक चहा पिताना म्हणाले.

हॉलमागच्या नळावर सायसिंग ठिपके धूत होता.
ओंजळीनं पाणी प्यायला, खूप वेळ प्यायला.
कानामागचा एक ठिपका राहिला होता, मी सांगितलं नाही.
विचारलं, काय बोललास?

"घरचं होतं, सर."
मग बाहीनं तोंड पुसत,
"सर, पण ते आले कशाला होते?
तेवढं तुम्ही लिहिलंच नाही."